नाक कोरडं होतं

आल्या आल्या बाईंनी पिशवीतून एक छोटी डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही राख आहे. याला मी मारलं असं सगळे म्हणतात. तसं असेल तर तसं सांगा, मी ऐकून घेईन. पण कोणीतरी नीट बघून सांगा."

भाऊजींनी चहाचा कप हळूच डबीपासून लांब सरकवला. चष्म्याच्या दुकानावरच्या या एका खोलीत माणसं पळालेले नवरे आणि गेलेले दागिने घेऊन येत. राख घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं.

खोली वहिनींची. भाऊजींचा थोरला भाऊ गेल्यावर वहिनी रडत बसल्या नाहीत, त्यांनी चौकशी कचेरी काढली. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या धाकट्या दिरानं मग घरात बायकोचं डोकं खाण्याऐवजी इथं येऊन बसायला सुरुवात केली. ते वहिनी म्हणत म्हणून सगळेच त्यांना वहिनी म्हणू लागले, अगदी पोलीस ठाण्यातलेसुद्धा. आणि वहिनी त्यांना भाऊजी म्हणत म्हणून येणारे-जाणारे भाऊजीच म्हणत. खरं नाव विचारायची कोणाला गरज पडली नव्हती.

"कोण होते हे?" भाऊजींनी मान आदरानं झुकवून डबीकडे बोट दाखवलं.

"माझा कुत्रा," बाई म्हणाल्या.

भाऊजींची मान झटकन वर आली. कुत्रं दिसलं की ते रस्ता बदलत. लहानपणी पोटरीला एक चावलं होतं आणि त्याचा हिशेब त्यांनी सगळ्या जातीच्या नावावर मांडला होता. पण वहिनींनी खुर्ची पुढं ओढली, म्हणजे काम घेतलं.

बाई निवृत्त परिचारिका होत्या. अजूनही ओळखीचे सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. काही महिन्यांपूर्वी मुलानं त्यांना जुन्या भाड्याच्या घरातून आपल्या फ्लॅटवर आणलं होतं, कुत्र्यासकट. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्याला पट्टी असताना कुत्र्याला फिरवणार कोण? मुलानं शोधून एक जागा काढली, कुत्र्यांचं पाळणाघर. गाडी दारात येते, घेऊन जाते, आणून सोडते. नेताना गाडी आली. परत आली ती ही डबी.

"नाव?" भाऊजींनी कागद पुढं ओढला.

"बांड्या."

"बंड्या. वय?"

"बंड्या नाही. बांड्या."

"तेच ते."

"तेच ते नाही," सिस्टर म्हणाल्या. "तो पाळणाघराचा मालकही असाच. रोज संध्याकाळी फोन, बंड्या मजेत आहे, बंड्या पोटभर जेवला. दोनदा सांगितलं, मग नाद सोडला."

आठवडाभर बंड्या मजेत होता. आठवडा संपला त्या सकाळी मालकाचा फोन आला, की कुत्रं रात्री गेलं. संसर्गाचा आजार होता, म्हणून लगेच जाळावं लागलं. सिस्टर डोळ्यावर पट्टी तशीच ठेवून मुलाबरोबर तिथं गेल्या, तर त्यानं वर त्यांनाच चार शब्द सुनावले. नाक कोरडं होतं. दुखणं घरूनच आलं होतं. साधी लक्षणंसुद्धा तुम्हाला कळली नाहीत का, तुमच्यापायी माझ्या इतर कुत्र्यांचा जीव धोक्यात आला. परतताना मुलानं गाडीत समजूत घातली: आई, मनाला लावून घेऊ नकोस, वय झालं की लक्ष राहत नाही.

हे सांगताना सिस्टरांचा आवाज चढला नाही. भाऊजींना वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं.

"उभा जन्म वॉर्डात गेला माझा," त्या म्हणाल्या. "अंधारात कपाळाला हात लावून ताप सांगायचे. आणि घरातल्या मुक्या जिवाचं दुखणं मला कळलं नाही म्हणतात. डोळ्यावर पडदा होता हो, हातावर नव्हता. पण आता रात्री पडल्या पडल्या मलाच वाटतं, राहिलं असेल का काही बघायचं? आता सगळं स्वच्छ दिसतं मला. तोच तेवढा दिसत नाही."

वहिनींनी मग एकेक विचारायला सुरुवात केली. नेला त्या सकाळी जेवला होता? वाटी चाटून पुसून. पाणी? रोजच्याइतकंच, जास्तही नाही, कमीही नाही. उलटी, पातळ शौच? नाही. अंग चोरून कोपऱ्यात बसत होता? छे, सारखा पायांत. तोंडाला वास? नेहमीचाच. हिरड्या? ओठ उचलून बोट लावलं होतं. ओल्या होत्या, चिकट नव्हत्या. रंग सुनेला विचारला, ती गुलाबी म्हणाली.

"गाडी आल्यावर?"

सिस्टर पहिल्यांदा हसल्या. "खूश. गाडी म्हणजे जीव की प्राण. आनंद झाला की कंबरेपासून मागचा सगळा हलायचा तो, धड उभं राहता यायचं नाही. ड्रायव्हरला म्हटलं, सांभाळून न्या हो माझ्या बांड्याला."

त्यांनी फोटो दाखवला. समोरून काढलेला. पांढरी छाती, एक कान वर, एक पडलेला, आणि चेहऱ्यावर घरात मीच मोठा असा भाव. मग पिशवीतून एक चादर काढली. कुत्र्याबरोबर पाठवलेली, तीच परत आलेली. पट्टा मागितला तर मालक म्हणाला, संसर्ग होता बाई, पट्टा अंगाबरोबरच जाळला.

भाऊजींनी सौजन्य म्हणून चादर मांडीवर घेतली. नवी करकरीत काळी पँट होती, पण आता शोकाकुल माणसासमोर झटकायची तरी कशी? चादर पांढरीशुभ्र, घडीचे कोपरे दुमडून आत खोचलेले.

"ही अशी घडी कोणी घातली?" वहिनींनी विचारलं.

"मीच. धुऊन, इस्त्री करून दिली होती. वॉर्डातली सवय, आम्ही अशीच घालतो."

तेवढ्यात सिस्टरांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं आणि बंद केला. "जुन्या घराचा नवा भाडेकरू. रात्रपाळीला असतो, दिवसा झोपतो, आणि उठला की मला छळतो. म्हणे दार खालच्या बाजूला सगळं ओरबाडलंय, तुम्हीच खराब करून गेलात. मी सोडलं तेव्हा दार धड होतं. पाण्याच्या टाकीमागच्या त्या गल्लीत मी पुन्हा पाऊलही टाकलेलं नाही. आता माझ्याशी भांडायलासुद्धा लोकांना हीच वेळ सापडते."

वहिनींनी भाडेकरूचं बोलणं मनात टिपून घेतलं. चादरही ठेवून घेतली.

* * *

पाळणाघर बाहेरून एखाद्या दातांच्या दवाखान्यासारखं चकचकीत होतं. काचेचं दार, मागच्या अंगणात भुंकाभुंकी. भाऊजी वहिनींच्या मागं अर्धं पाऊल राहिले.

"चला हो भाऊजी, ती पिंजऱ्यात आहेत."

"पिंजऱ्याला दार असतं, वहिनी."

मालक येईपर्यंत भाऊजी भिंतीवरचं मोठं चित्र बघत बसले. एक तपकिरी कुत्रं काढलं होतं आणि त्याच्या अंगाला बाण लावून नाकापासून मागं आजाराची लक्षणं दिली होती. कोरडं नाक. डोळ्यांत घाण. तोंडातून लाळ. भरलेली वाटी तशीच. उलटी. शेवटचा बाण पायांत घातलेल्या शेपटीला. खाली लिहिलं होतं, वेळीच ओळखा, जीव वाचवा. भाऊजींनी दोनदा वाचलं, कारण दुसरीकडे बघितलं तर कुत्री दिसत होती.

मालक आला तो अत्तराचा वास घेऊन. बोलणं कसं, लोण्यासारखं. नव्या शाखेचं उद्घाटन तोंडावर आलेलं, आणि त्यात हे. सिस्टरबाईंबद्दल त्याला फार वाईट वाटत होतं, पण काय करणार, लोक कुत्री पाळतात आणि बघत नाहीत.

"काय काय दिसत होतं?" वहिनींनी विचारलं.

तो बोटं मोजायला लागला. "आलं तेव्हापासूनच नाक कोरडं ठणठणीत. डोळ्यांत घाण. मग लाळ सुरू झाली. वाटी ठेवली तशी राहायची. शेवटी उलट्या. आणि शेपूट तर पहिल्या दिवसापासून पायांत घालून बसलेलं. आम्हाला बघताक्षणी कळतं ना."

"तरी फोनवर रोज मजेत आहे म्हणत होतात."

"डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला कशाला त्रास द्यायचा? माणुसकी असते हो." त्यानं डोळे पुसल्यासारखं केलं. "माझ्या मांडीवर मान ठेवून जीव सोडला बंड्यानं."

भाऊजींना भरून आलं. वहिनी नुसत्या त्या मांडीकडे बघत राहिल्या.

मागं कुत्र्यांना आंघोळ घालणारी बाई होती, ओल्या एप्रनात, हातात ब्रश. ती बोलायला राजी होती, पण सांगण्यासारखं तिच्याकडे फारसं नव्हतं. आजारी कुत्र्याची खोली वेगळी, टोकाला. साहेबांनी तिकडे फिरकू नका म्हणून बजावलं होतं. तिनं कुत्रं डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं. गेल्यावर खोली धुवायला सांगितली तेवढं तिचं काम. घाण फार होती का, असं वहिनींनी विचारलं. तिनं आठवून सांगितलं की नाही, खोली तशी स्वच्छच होती, फिनेल उगाच वाया गेलं. पिंजऱ्याच्या दारावर इंग्रजी अक्षरांत नावाची पाटी अजून लटकत होती. तिनं ती हातानं सरळ केली.

"बंड्या," ती म्हणाली. "बिचारा बंड्या."

ड्रायव्हर फाटकाशी गाडी धूत होता. गाडी जुनाट, पत्रा गंजलेला, फक्त मागच्या दाराची कडी नवीकोरी चमकत होती. सिस्टरांचं कुत्रं कोणी आणलं म्हटल्यावर त्याच्या हातातला पाइप एक क्षण भलतीकडेच पाणी सोडत राहिला.

"बांड्या? हो, मीच आणला. गुणी होता. आत नेऊन दिला, पुढचं मला माहीत नाही."

वाटेत कुठं थांबला होता? पाण्याच्या टाकीपाशी, अजून एक कुत्रं घ्यायचं होतं. मग सरळ इकडे. एवढं बोलून तो गाडीचं आधीच धुतलेलं चाक पुन्हा धुऊ लागला.

* * *

पाळणाघराचे जनावरांचे डॉक्टर जवळच बसत. नाव काढल्याबरोबर ते भडकले. त्यांनी ते कुत्रं तपासलंच नव्हतं. मालकाचा रात्री फोन आला, त्यानं लक्षणं घडाघडा म्हणून दाखवली, आणि संसर्ग असू शकतो का विचारलं. डॉक्टर म्हणाले, असूही शकतो, आत्ताच्या आत्ता घेऊन या. आणलं नाही. सकाळी कळलं की गेलं, जाळलं, आणि डॉक्टरांनीच संसर्ग सांगितला.

"माझ्या नावावर खपवलं," डॉक्टर म्हणाले. "आणि लक्षणं तरी कसली? एकही आजार डोक्यापासून शेपटीपर्यंत असा ओळीनं येत नाही. आधी जनावर खाणं सोडतं, लपून बसतं, पाणी ढसाढसा पितं नाहीतर बघतही नाही. मग बाकीचं. एखादी उलटी काय, गवत खाल्लं तरी होते. पण वारंवार झाली, रक्त दिसलं, तर धावायचं. आणि आधी हिरड्या बघायच्या. बोटानं दाबून सोडलं की गुलाबी रंग लगेच परत यायला हवा. पांढऱ्या, निळ्या, पिवळ्या दिसल्या तर एक मिनिट घालवायचं नाही. हे कोणी बघत नाही. जो तो नाक बघतो."

"नाक कोरडं असणं वाईट ना?" भाऊजींनी विचारलं.

"झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. नुसत्या नाकावरून काही कळत नाही. माझ्या दारात रोज दोन माणसं नाक कोरडं म्हणून रडत येतात."

परतताना टॅक्सीत वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. जबडा घट्ट आवळलेला, म्हणजे संताप दाबून धरला होता. भाऊजींनी आपला अंदाज मांडला: उपाशी ठेवून मारलं असणार, आणि आता अंगाशी येऊ नये म्हणून सिस्टरांच्या गळ्यात घालतायत.

"मारलं हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"राख आहे की."

"राख आहे. कशाची आहे?" वहिनी वळल्या. "काल ती चादर तासभर मांडीवर घेऊन बसला होतात. काळ्या पँटवर काय दिसलं?"

भाऊजींनी आठवलं. घरी जाऊन त्यांनी पँट मुद्दाम दिव्याखाली धरली होती. "काही नाही. अगदी स्वच्छ."

"झालं तर मग. उद्या सगळ्यांना एका जागी बसवू. सिस्टरना डबी घेऊन यायला सांगा. आणि त्या भाडेकरूचा नंबर घ्या, आत्ताच."

"भाडेकरूचा काय संबंध?"

"दार कोणत्या बाजूनं ओरबाडलंय, आतून की बाहेरून, एवढंच विचारायचंय."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे त्या चित्राखाली बसले होते. मालकानं घाई आहे म्हणून दोनदा घड्याळ बघितलं. आंघोळवाली बाई भिंतीला टेकून उभी, ड्रायव्हर दाराशी, डॉक्टर मुद्दाम आलेले. सिस्टर मधल्या खुर्चीत ताठ, मांडीवर डबी.

वहिनींनी चादर टेबलावर ठेवली.

"ही सिस्टरनी कुत्र्याबरोबर दिली. धुतलेली, इस्त्रीची. आठवडाभर आजारी कुत्रं हिच्यावर निजलं म्हणतात. एक केस नाही हिच्यावर, आणि घडी जशी घातली तशी. असले कोपरे वॉर्डातल्या बाईशिवाय कोणी खोचत नाही. म्हणजे ही उलगडलीच नाही."

"आम्ही दुसरी दिली असेल," मालक म्हणाला.

"असेल. संसर्ग म्हणून पट्टा जाळलात, आणि त्याच खोलीतली चादर बाईंच्या हातात देऊन मोकळे झालात. चादरीला संसर्ग नव्हता वाटतं. बरं, उलट्या झाल्या, लाळ गळली, आणि खोली धुणाऱ्या बाई म्हणतात स्वच्छ होती. त्यांना खोटं बोलायचं कारण नाही, त्यांनी कुत्रं बघितलेलंच नाही. डॉक्टरांनी नाही. मग बघितलं कोणी?"

"मी बघितलं. सांगितलं ना, मांडीवर..."

"तेच सांगते. तुम्ही लक्षणं सांगितलीत ती या चित्रातली. नाकापासून सुरू केलीत आणि बाणामागून बाण घेत मागं गेलात. अगदी शेवटच्या बाणापर्यंत. तिथं मात्र पाय घसरला." वहिनी सिस्टरांकडे वळल्या. "सिस्टर, याचं नाव बांड्या का ठेवलंत?"

सिस्टर गोंधळल्या. हे काय विचारायचं, असा त्यांचा चेहरा झाला. "बांडाच होता म्हणून. जन्मापासून शेपूटच नव्हतं त्याला."

डॉक्टरांनी मालकाकडे बघितलं. भाऊजींना फोटो आठवला, समोरून काढलेला. कंबरेपासून हलायचा, असं बाई म्हणाल्या होत्या. हलवायला दुसरं काही असतं, तर कंबर कशाला हलवली असती? आणि आपण बंड्या लिहून मोकळे झालो.

"माझ्या आजोळी एक बांडा बैल होता," वहिनी म्हणाल्या, "म्हणून शब्द माहीत. तुम्ही वाचलंत ते इंग्रजीतलं नाव. त्या अक्षरांत बंड्याही तसाच लिहितात आणि बांड्याही तसाच. ज्यानं पाटी वाचली तो बंड्या म्हणाला. ज्यानं सिस्टरच्या तोंडून नाव ऐकलं आणि कुत्रं उचललं, तो बांड्या म्हणाला. असा इथं एकच माणूस आहे. सिस्टरनी तुम्हालाही फोनवर दोनदा सांगितलं होतं, पण तुम्हाला तेच ते वाटलं. शेपूट नसलेल्या कुत्र्याचं शेपूट तुम्ही पायांत घातलंत, मालक. ते कुत्रं या दारातून आत आलेलंच नाही."

ड्रायव्हरनं तोंड हातांनी झाकलं. मग तोच बोलला. टाकीपाशी दुसरं कुत्रं घ्यायला मागचं दार उघडलं, कडी आधीच मोडकी होती, साहेबांना किती वेळा सांगितलं होतं. बांड्यानं उडी मारली आणि गर्दीत गेला. त्यानं लगेच फोन केला, शोधतो म्हणाला. साहेब म्हणाले, तोंड उघडलंस तर उद्यापासून येऊ नकोस. नवी कडी दुसऱ्या दिवशी बसली. तो रोज काम संपल्यावर टाकीपाशी जाऊन हाका मारत होता.

"शोधत होतो की मी," तो सिस्टरांकडे न बघता म्हणाला. "पण एवढ्या मोठ्या वस्तीत कुठं बघू?"

आता वहिनींचा बांध फुटला. आवाज वाढला नाही, पण भाऊजींना त्या आवाजाची ओळख होती, थोरल्या भावालाही त्याची भीती वाटायची.

"कुत्रं हरवतं. चूक होते माणसाकडून. त्याच दिवशी सांगितलं असतं तर या बाईंनी पट्टी बांधलेल्या डोळ्यानं गल्ली न् गल्ली पालथी घातली असती. पण हरवलं म्हटलं की दोष तुमचा, आणि आजारानं गेलं म्हटलं की दोष त्यांचा. म्हणून तुम्ही त्याला मारलंत. मेलेल्याला कोणी शोधत नाही. एक जीव रस्त्यावर उपाशी फिरतोय, आणि तुम्ही त्याच्या घरच्यांना रडत बसवलंत, की शोधायला कोणी उठूच नये. वर त्यांना शिकवलंत, लक्षणं कशी ओळखायची."

मालक नुकसानीबद्दल काहीतरी पुटपुटला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. सिस्टर उठल्या होत्या.

"ही राख कशाची आहे?" त्यांनी विचारलं.

मालकानं पुन्हा घड्याळाकडे बघितलं. उत्तर आंघोळवालीनं दिलं. त्या दिवशी साहेबांनी अंगणातला पालापाचोळा पेटवला होता. तिला नवल वाटलं होतं, एरवी ते काडीही उचलत नाहीत.

"पाचोळा," सिस्टर म्हणाल्या. "उशाशी घेऊन झोपत होते मी. रोज माफी मागत होते."

त्यांनी डबी उघडली आणि शांतपणे मालकाच्या टेबलावर, त्याच्या नव्या शाखेच्या निमंत्रणपत्रिकांवर उपडी केली. मग हात झटकले, अगदी वॉर्डातल्यासारखे, आणि वहिनींकडे बघितलं. "तो जिवंत आहे का?"

"ते मला ठाऊक नाही," वहिनी म्हणाल्या. "पण तुमच्या भाडेकरूशी काल बोलले. दार बाहेरून ओरबाडलंय. खालच्या बाजूला. आणि खुणा ताज्या आहेत, रोज थोड्या वाढतात. तो रात्री घरी नसतो, दिवसा मेल्यासारखा झोपतो, कोण ओरबाडतं ते त्यानं बघितलं नाही. टाकी तिथून जवळच आहे. कुत्र्याला तुमचा नवा फ्लॅट आपला वाटत नसेल अजून."

पुढं कोणी काही सांगायची वाट बघितली नाही. ड्रायव्हर गाडीकडे धावला. डॉक्टर मालकाला म्हणाले, मी पोलिसांकडे चाललोय, माझं नाव वापरल्याबद्दल. तुम्ही इथंच बसा.

टाकीमागची गल्ली अरुंद होती. गाडी तोंडाशीच थांबली. सिस्टर उतरल्या आणि भाऊजींच्या दुप्पट वेगानं चालू लागल्या. त्यांनी हाक मारली नाही. बहुधा धीर होत नव्हता. ओळीतलं शेवटचं घर, तीन पायऱ्या, दाराचा निळा रंग खाली पांढरा खरवडलेला. पायरीवर कोणी नव्हतं.

सिस्टर तिथंच थांबल्या. भाऊजींना त्यांच्या पाठीकडे बघवेना, म्हणून त्यांनी खाली बघितलं. पायरीखालच्या पोकळीत, पाण्याच्या पाइपाशेजारी, अंगाचं मुटकुळं करून काहीतरी झोपलं होतं. एक कान वर, एक पडलेला.

"सिस्टर," भाऊजी म्हणाले. त्यांनी पायरीखाली बोट दाखवलं. "खाली."

त्यानं डोळे उघडले. फासळ्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला, कानाला जखम, पट्टा चिखलानं काळा. त्यानं सिस्टरांकडे बघितलं, वास घेतला, आणि उठायच्या आधीच कंबरेपासून हलायला लागला. उभं राहता येईना, दोनदा आडवा पडला, तरी हलत होता.

सिस्टर रस्त्यावरच बसल्या. वहिनींना वाटलं आता त्या रडतील. पण त्यांनी आधी त्याचं तोंड हातात घेतलं, ओठ उचलला, हिरडीवर बोट दाबलं आणि सोडलं. नव्या डोळ्यानं नीट बघितलं. मग दुसऱ्या बाजूनं. मग पोट चाचपलं, कानाची जखम बघितली, पायाचे तळवे बघितले. ड्रायव्हर थोड्या अंतरावर हात जोडून उभा होता.

भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा एका कुत्र्याशेजारी उकिडवे बसले. त्यांनी भीत भीत एक बोट पुढं केलं आणि त्याच्या नाकाला लावलं. त्यांचा चेहरा उतरला.

"सिस्टर, नाक कोरडं आहे याचं."

"झोपून उठलाय," सिस्टर म्हणाल्या. "झोपून उठल्यावर कोरडंच असतं."

आणि मग त्या रडल्या.